सहाव्या हॅरी पॉटरमधला काळोख कसा रचलाय?

हॅरी पॉटर मालिकेतला सहावा चित्रपट, म्हणजे 'हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स', बघून उठलेल्या लोकांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास येतात. "किती अंधार होता, काही दिसतच नव्हतं," हे एक. आणि "तसं फार काही घडलं नाही, तरी मन का जड झालंय कळत नाही," हे दुसरं. पहिलं तक्रारीच्या सुरात, दुसरं जरा गोंधळून. मला हा चित्रपट आठही भागांत सगळ्यात जवळचा वाटतो. तो अनेकदा बघून झाल्यावर माझं मत असं झालंय की या दोन्ही वाक्यांचं उत्तर एकच आहे.

भीती दाखवायची म्हटलं की बहुतेक वेळा भर घातली जाते. राक्षस मोठा करा, रक्त वाढवा, आवाज चढवा. इथे उलट केलंय. आधी रंग काढून घेतलेत, मग खलनायकालाच पडद्यावरून काढून घेतलंय, मग हसरी माणसं, आणि शेवटी ज्याच्या जिवावर सगळे निर्धास्त होते तो म्हातारा. हा काळोख वजाबाकीतून आलाय. ती वजाबाकी कशी केली, हे साध्या शब्दांत मांडायचा हा प्रयत्न. चित्रपट जुना आहे, त्यामुळे शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी आधी बघावा आणि मग इकडे यावं.

थोडी पार्श्वभूमी. मूळ कादंबरी जुलै २००५ मध्ये आली. चित्रपट नोव्हेंबर २००८ मध्ये लागणार होता, पण निर्मात्या कंपनीनं तो पुढे ढकलून जुलै २००९ मध्ये लावला. हॉलिवूडमधल्या लेखकांच्या संपामुळे २००९ च्या उन्हाळ्यासाठी मोठे चित्रपट कमी पडतील, असं कारण दिलं गेलं. दिग्दर्शक डेव्हिड येट्स, पटकथा स्टीव्ह क्लोव्हस, संगीत निकोलस हूपर. आणि या लेखासाठी सगळ्यात महत्त्वाचं नाव म्हणजे छायालेखक ब्रुनो देलबोनेल.

रंग जातो कुठे?

आठ चित्रपटांसाठी एकूण सहा छायालेखकांनी काम केलं. २००१ चा पहिला भाग जॉन सील यांनी चित्रित केला. त्यात सगळं सोनेरी, मेणबत्तीच्या उजेडासारखं उबदार आहे. तिसऱ्या भागापासून, म्हणजे २००४ साली दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन आल्यापासून, आभाळ भरून यायला लागलं. सहाव्या भागात तर आभाळ खालीच उतरलंय. गंमत म्हणजे देलबोनेल हे 'आमेली' या फ्रेंच चित्रपटाचे छायालेखक. तो चित्रपट लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांनी नुसता ओसंडून वाहतो. रंग कसा भरायचा हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याच माणसाला इथे रंग काढायचं काम मिळालं.

रंग काढणं म्हणजे नेमकं काय? कॉम्प्युटरच्या हिशेबात चित्रातला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांचा बनलेला असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. साधारण पद्धतीत प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो. समजा एक लालभडक सफरचंद आहे: लाल २००, हिरवा ४०, निळा ४०. लाल बाकीच्या दोघांपेक्षा खूप पुढे आहे, म्हणून डोळ्याला ते भडक दिसतं. आता तेच आकडे एकमेकांच्या जवळ आणा: लाल १२०, हिरवा ८०, निळा ७५. उजेड जवळपास तेवढाच राहिला, पण सफरचंदाचा जीव गेला. ते आता जुन्या विटेच्या रंगाचं दिसेल. तिन्ही आकडे अगदी सारखे केले तर उरतो निव्वळ राखाडी. म्हणजे अंधार करणं आणि रंग उतरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक ज्याला "किती अंधार" म्हणतात, त्यातला बराचसा भाग खरं तर रंग उतरवण्याचा आहे.

चित्रपट फिल्मवर चित्रित व्हायचे आणि रसायनात धुतले जायचे, तेव्हा रंगांशी खेळायला मर्यादा होती. अख्खी फ्रेम थोडी निळसर करा किंवा थोडी पिवळसर, इतकंच. मग पद्धत बदलली. फिल्म कॉम्प्युटरमध्ये स्कॅन करायची, तिथे फ्रेम-फ्रेम करून रंग ठरवायचे आणि मग पुन्हा थिएटरसाठी प्रिंट काढायची. यामुळे फ्रेमचा एक कोपरा वेगळा हाताळता यायला लागला. भिंत राखाडी करायची, पण चेहऱ्यावरचा थोडा रंग राखायचा. आभाळ शिशासारखं करायचं, पण खिडकीतला दिवा पिवळा ठेवायचा. सहाव्या भागात हे साधन मनापासून वापरलंय. हॉग्वार्ट्स या जादूच्या शाळेचे दगड, मुलांचे गणवेश, जेवणाची टेबलं, सगळ्यांवरून राखाडी-हिरवट छटा फिरवल्यासारखी वाटते, जुन्या फोटोवर बसते तशी.

दुसरी गोष्ट उजेडाच्या जातीची. मे महिन्यातल्या दुपारचं ऊन आठवा. सावल्या कापून काढल्यासारख्या स्पष्ट असतात. आणि आषाढातली दुपार आठवा, सह्याद्रीच्या घाटात ढग उतरलेत अशी. उजेड आहे, पण तो कुठून येतोय ते कळत नाही. सावली पडत नाही आणि झाडाचा हिरवा रंगही ओला, गढूळ वाटतो. भरलेलं आभाळ हाच एक अवाढव्य दिवा होऊन बसलेला असतो. देलबोनेल यांचा उजेड या दुसऱ्या जातीचा आहे. तो डोळ्यात खुपत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूवर अलगद पडतो आणि दुसरी बाजू काळोखात सोडून देतो. लोडशेडिंगच्या काळात घरात एकच कंदील लावून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा दिसायचा, आणि त्या अर्ध्या चेहऱ्याकडे आपण नेहमीपेक्षा जास्त वेळ बघायचो.

या कामासाठी देलबोनेल यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. आठ चित्रपटांत मिळून मालिकेला १२ नामांकनं झाली, एकही पुरस्कार मिळाला नाही, आणि छायालेखनाचं नामांकन फक्त या एका भागाला आहे. त्या वर्षीचा पुरस्कार 'अवतार'ला गेला. मला याचं आजही वाईट वाटतं.

रंग काढला की उरलेल्या रंगाला वजन येतं, हा या सगळ्यातला सगळ्यात हुशार भाग. जादूगारांच्या बाजाराची डायगॉन गल्ली आठवा. पहिल्या चित्रपटात ती जत्रेसारखी गजबजलेली होती. इथे दुकानं बंद आहेत, काचा फुटल्यात, ऑलिव्हँडरचं छडीचं दुकान उद्ध्वस्त आहे. त्या करड्या गल्लीत फ्रेड आणि जॉर्ज या जुळ्या भावांचं खेळण्यांचं दुकान तेवढं नारिंगी पेटलेलं दिसतं. ते बघून हसू येतं, आणि तेवढ्यात लक्षात येतं की हसण्यासारखी एवढी एकच जागा उरली आहे. हाच नारिंगी रंग पुढेही येतो. तेव्हा तो आगीचा असतो.

ज्याला भ्यायचं तो दिसतच नाही

व्होल्डेमॉर्टची भूमिका करणारा राल्फ फाइन्स या भागात नाही. अडीच तासांहून मोठ्या चित्रपटात मुख्य खलनायक आजच्या रूपात एकदाही समोर येत नाही. दिसतो तो त्याचा भूतकाळ: अनाथाश्रमातला अकरा वर्षांचा टॉम रिडल आणि शाळेतला सोळा वर्षांचा टॉम रिडल. लहान टॉम झालेला हिरो फाइन्स-टिफिन हा राल्फ फाइन्सचा सख्खा भाचा, त्यामुळे चेहऱ्यातलं साम्य उगाच नाही.

अनाथाश्रमातला तो प्रसंग पुन्हा बघा. मुलगा ओरडत नाही, हात उचलत नाही. पलंगावर बसून शांत आवाजात सांगतो की मला सापांशी बोलता येतं, आणि जे माझ्याशी वाईट वागतात त्यांना मी दुखवू शकतो. एवढंच. पुढच्या सगळ्या भागांत हा मुलगा काय करणार आहे ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ती शांतता सहन होत नाही.

आजचा धोका दाखवायचं काम चित्रपटानं ड्रॅको मॅलफॉयवर सोपवलंय. पाच भाग हा मुलगा वर्गातला आगाऊ श्रीमंत पोरगा होता. इथे टॉम फेल्टन या नटाकडून फार कमी संवादांत फार मोठं काम करून घेतलंय. बाकी मुलं गणवेशात हसत-खिदळत असतात आणि हा काळ्या सुटात एकटा, फ्रेमच्या एका कडेला, लांबलचक रिकाम्या कॉरिडॉरमध्ये. त्याला व्होल्डेमॉर्टनं काम दिलंय: शाळेच्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकाला, डम्बलडोरला मारायचं. नाही जमलं तर त्याच्या घरच्यांची खैर नाही. त्यासाठी तो एक मोडकं जादूचं कपाट दुरुस्त करतोय. असंच दुसरं कपाट शाळेबाहेर एका दुकानात आहे, आणि दोन्ही जुळली की एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येईल. शत्रूला शाळेत आणायचा तो चोरदरवाजा.

हे कपाट चालतं का, हे तो आधी सफरचंद ठेवून बघतो. सफरचंद जातं आणि चावा घेतलेलं परत येतं. म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे. मग तो एक छोटा पांढरा पक्षी आत ठेवतो. दार उघडतो तेव्हा पक्षी मेलेला असतो आणि ड्रॅको रडतो. अख्ख्या चित्रपटातली सगळ्यात भीतीदायक जागा मला हीच वाटते. शाळकरी मुलाला खून करायला पाठवलंय, आणि त्याला एका पाखराचं मरण सोसवत नाही. खलनायकाला पडद्यावर आणायची गरजच उरत नाही.

राक्षसाचा प्राण पोपटात

आता या भागाचा गाभा: हॉरक्रक्स. ही संकल्पना समजावून सांगायला मराठी माणसाला फार कष्ट नकोत, कारण आपण ती लहानपणीच ऐकलेली असते. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, आणि पोपटात राक्षसाचा प्राण. राक्षसाला कितीही मारा, तो मरत नाही. पोपटाची मान मुरगळली की तो तडफडून पडतो. जगभरच्या लोककथांत हा धागा आहे. रशियन गोष्टींमधल्या कोश्चेईचा मृत्यू सुईच्या टोकात असतो आणि ती सुई अंड्यात.

पण हॉरक्रक्समध्ये एक भर आहे, आणि तीच त्याला आपल्या पोपटापेक्षा कितीतरी काळी करते. आपल्या गोष्टीत राक्षसानं प्राण बाहेर काढून ठेवला तरी राक्षस अख्खाच राहतो. त्याचं काही कमी होत नाही. इथे आत्म्याचा तुकडा पाडून तो एखाद्या वस्तूत लपवावा लागतो, आणि तो तुकडा पडतो खून केल्यावर. दर वस्तूमागे एक खून, दर खुनामागे उरलेला आत्मा आणखी थोडा कमी. व्होल्डेमॉर्टला सात तुकडे हवे होते: सहा वस्तूंत आणि एक स्वतःत. मरणापासून वाचायच्या नादात तो स्वतःलाच वजा करत गेला. त्याचा चेहरा सापासारखा सपाट का झाला, नाक का गेलं, याचं उत्तर इथे मिळतं. माणूसपण टप्प्याटप्प्यानं निघून गेलंय.

यातल्या दोन वस्तूंचा निकाल आधीच लागलाय. एक डायरी, जी हॅरीनं दुसऱ्या भागात संपवली. दुसरी अंगठी, जी नष्ट करताना डम्बलडोरचा हात करपून काळा पडलाय. सुरुवातीला तो हात बघून हॅरी विचारतो आणि म्हातारा बोलणं टाळतो. तो हात लक्षात ठेवा, शेवटी त्याचा हिशेब लागतो.

सात या आकड्यापर्यंत पोचायला एक आठवण हवी आहे, आणि ती होरेस स्लगहॉर्न या मास्तरांनी दडवलीय. शाळेत असताना टॉम रिडलनं त्यांनाच हॉरक्रक्सबद्दल विचारलं होतं. शरमेपोटी स्लगहॉर्ननं स्वतःच्या आठवणीत खाडाखोड करून ती डम्बलडोरला दिली. आठवण पाण्यात ओततात तेव्हा शाईचा थेंब पसरावा तशी काळी वलयं सुटतात आणि त्यातून माणसं आकार घेतात. नेमका महत्त्वाचा प्रश्न आला की धुकं दाटतं. पान फाडलेल्या वहीसारखी ती आठवण आहे.

खरी आठवण मिळते तो प्रसंग शाळेच्या आवारात राहणाऱ्या हॅग्रिडच्या झोपडीत घडतो. स्लगहॉर्न दारूच्या गुंगीत हॅरीच्या आईबद्दल, लिलीबद्दल बोलतात. तिनं विद्यार्थिनी असताना त्यांच्या टेबलावर काचेचं भांडं ठेवलं होतं. स्वच्छ पाणी, वर तरंगणारी फुलाची पाकळी. पाकळी हळूहळू बुडाली आणि तळाला टेकायच्या आत तिचा इवलासा मासा झाला. स्लगहॉर्ननं त्याचं नाव फ्रान्सिस ठेवलं. मग एके दिवशी खाली येऊन बघतात तर भांडं रिकामं. त्याच दिवशी लिली मारली गेली होती. मेल्यावर तिची जादूही गेली.

हा मासा कादंबरीत नाही, तो चित्रपटानं स्वतः रचलेला आहे. जिम ब्रॉडबेंट हे सगळं भांड्याकडे आत्ताच बघत असल्यासारखं बोलतात. रिकाम्या भांड्यातून एका बाईचा मृत्यू सांगून होतो. ना प्रेत दाखवलंय, ना जुनं दृश्य पुन्हा आणलंय. मूळ पुस्तकावर माझा जीव आहे, तरी ही जागा पुस्तकापेक्षा सरस झाली, असं मी कुणालाही सांगेन.

जे कापलं ते सगळंच पटतं असं नाही

वजाबाकीची सवय लागली की कात्री चुकीच्या ठिकाणीही चालते. पुस्तकात डम्बलडोर हॅरीला व्होल्डेमॉर्टच्या भूतकाळातल्या कितीतरी आठवणी दाखवतो. त्याच्या आईचं दरिद्री, गर्विष्ठ घराणं, तिचं एकतर्फी प्रेम, एका श्रीमंत म्हातारीकडून त्यानं लांबवलेल्या मौल्यवान वस्तू. त्या वाचताना टॉमची दयासुद्धा येते. चित्रपटात यातला अनाथाश्रम आणि स्लगहॉर्नची आठवण एवढंच उरलं. त्यामुळे नुसता चित्रपट बघणाऱ्याला हॉरक्रक्स कोणत्या वस्तूंत असतील याचा तर्कच करता येत नाही, आणि पुढच्या भागात शोध सुरू होतो तेव्हा तो वाट चुकतो.

दुसरी चूक शीर्षकाची. हॅरीला एक जुनं पाठ्यपुस्तक मिळतं, त्यावर 'हाफ-ब्लड प्रिन्स'ची मालकी लिहिलेली आणि समासात कुणीतरी सुचवलेल्या युक्त्या. त्या वापरून हॅरी वर्गात पहिला येतो आणि त्याच पुस्तकातला एक न समजलेला मंत्र वापरून ड्रॅकोला जवळजवळ मारतो. न्हाणीघरातल्या पाण्यावर रक्त पसरत जातं. हा प्रिन्स म्हणजे शाळेतलाच मास्तर स्नेप, हे शेवटी एका वाक्यात सांगून चित्रपट मोकळा होतो. पण प्रिन्स का? पुस्तकात उत्तर आहे आणि ते साधं आहे. स्नेपच्या आईचं माहेरचं आडनाव प्रिन्स. आई जादूगार, वडील साधे मगल, म्हणजे जादू नसलेले, म्हणून हाफ-ब्लड. बापाचं नाव टाकून आईच्या माहेरचं नाव लावणारा एकटा, हुशार, दुखावलेला मुलगा त्या एका टोपणनावात दिसतो. दोन मिनिटांचं काम होतं. ते करायला हवं होतं.

भर घातलेल्या प्रसंगांतही एक फसलाय असं अनेकांचं म्हणणं आहे: नाताळात वीझ्ली कुटुंबाच्या, म्हणजे हॅरीचा मित्र रॉन याच्या घरावर होणारा हल्ला. तो पुस्तकात नाही. गव्हाच्या शेतासारख्या उंच गवतात धावणारा हॅरी आणि भोवती आगीचं कडं, दिसायला प्रसंग जबरदस्त आहे. तो घेतला असणार ते मधल्या भागात तणाव सैल पडू नये म्हणून. मला तो पूर्ण पटत नाही. घर जळतं आणि पुढे त्याचा फारसा उल्लेखही येत नाही. ज्या चित्रपटात रिकामं भांडं एवढं बोलतं, तिथे एवढी मोठी आग मुकी राहते.

सुरुवातीचा पूल मात्र अचूक बसलाय. पुस्तकात एक काल्पनिक पूल कोसळतो. चित्रपटात लंडनचा खरा मिलेनियम पूल पिळवटून थेम्समध्ये पडतो. कथा १९९६ सालातली आणि हा पादचारी पूल २००० साली खुला झाला, म्हणजे कालगणना जुळत नाही. तरीही जादूच्या जगातलं युद्ध साध्या माणसांच्या ऑफिसला जायच्या वाटेवर येऊन पोचलंय, हे त्या एका दृश्यात कळतं.

आणि प्रेमप्रकरणं? रॉनच्या गळ्यात पडलेली लॅव्हेंडर, प्रेमाचा काढा, मैत्रीण हरमायनीचे अश्रू. "एवढा पोरखेळ कशाला" असं विचारणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते तो लागतोच. काढून घ्यायला आधी काहीतरी असावं लागतं. मुलं सोळा वर्षांची आहेत, प्रेमात पडतात, रुसतात, आणि यातलं काहीही पुढच्या वर्षी त्यांच्या वाट्याला उरणार नाही. या भागात मालिकेतला सगळ्यात मोकळा विनोद आहे, म्हणूनच शेवट एवढा लागतो.

मनोऱ्यावर

शेवटच्या चाळीसेक मिनिटांत चित्रपट हातचं काही राखत नाही. आयर्लंडच्या मोहर कड्यांवर चित्रित केलेला समुद्र, मग गुहा. गुहेत उजेड फक्त छडीच्या टोकाचा. हॉरक्रक्स समजलं जाणारं लॉकेट मिळवायला डम्बलडोरला विषारी पाणी प्यावं लागतं आणि हॅरीला ते पाजावं लागतं. "मला नको, मला मारून टाक," असं कळवळणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडाशी तो मुलगा शिंपला धरतो. घरात आजारी वडीलधाऱ्यांना नको नको म्हणत असताना औषध पाजलेल्या कुणालाही हा प्रसंग सोपा जाणार नाही. मग तळ्यातून प्रेतं वर येतात आणि डम्बलडोर आगीचं वादळ उभं करतो. नारिंगी रंगाचा तो सगळ्यात मोठा भडका. त्यानंतर चित्रपटात ऊब नाही.

मनोऱ्यावर एक बदल केलाय आणि तो फार विचारपूर्वक केलाय. पुस्तकात डम्बलडोर हॅरीला मंत्रानं जखडून ठेवतो, त्यामुळे त्याला हलताच येत नाही. चित्रपटात हॅरी खालच्या मजल्यावर मोकळा उभा आहे, फळ्यांच्या फटीतून वर बघतोय. स्नेप येतो, ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायला सांगतो आणि वर जातो. हॅरी गप्प राहतो, कारण त्याला वाटतं स्नेप वाचवायला आलाय. पुस्तकात तो असहाय आहे, चित्रपटात त्यानं विश्वास ठेवलाय. दुसरं जास्त दुखतं.

ड्रॅकोच्या हातून खून होत नाही, छडी खाली येते. डम्बलडोर म्हणतो, "सिव्हेरस, प्लीज." पहिल्यांदा बघताना ती जीव वाचवायची विनवणी वाटते. खरा अर्थ शेवटच्या भागात उलगडतो. अंगठीच्या शापानं डम्बलडोर तसाही वर्षभरात मरणार होता. त्यानंच स्नेपकडून वचन घेतलं होतं की वेळ आली की तू मला मार, म्हणजे त्या पोराचा आत्मा फाटायचा नाही. खुनानं आत्म्याचा तुकडा पडतो, हे चित्रपटानं तासभर समजावलंय ते याच क्षणासाठी. काळा पडलेला हात, हॉरक्रक्सचा हिशेब, पाखरासाठी रडणारा ड्रॅको, सगळे धागे त्या एका "प्लीज"मध्ये येऊन मिळतात. ॲलन रिकमनचा चेहरा त्या क्षणी नीट बघा, तिथे द्वेष सापडत नाही.

पुस्तकात यानंतर शाळेत लढाई आहे आणि पुढे मोठा अंत्यविधी. दोन्ही वगळलंय. शेवटच्या भागात हॉग्वार्ट्सवरच महायुद्ध होणार होतं, तेच दृश्य दोनदा नको होतं. अंत्यविधीऐवजी एवढंच: सगळी शाळा अंगणात जमते, एकेक जण छडी वर धरतो, प्रत्येक टोकाला छोटा उजेड, आणि आभाळातलं व्होल्डेमॉर्टचं कवटीचं चिन्ह विरतं. पुस्तकप्रेमी या कापाकापीवर अजून रागावलेले आहेत. मी मात्र त्यांच्या बाजूनं नाही.

एक गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. अमेरिकेत चौथ्या आणि पाचव्या भागाला पीजी-१३ हे कडक प्रमाणपत्र मिळालं होतं, सातव्या-आठव्यालाही मिळालं. मधल्या या सहाव्या भागाला साधं पीजी, म्हणजे पहिल्या तीन भागांसारखं. परीक्षण मंडळ हिंसा, रक्त, भाषा यांचं माप घेतं. दुःखाचं माप त्यांच्याकडे नाही.

बघायचा कसा?

ज्यांना "काही दिसतच नाही" असं झालं, त्यांचा दोष नाही. हा चित्रपट काळोख्या थिएटरसाठी रंगवलाय. दिवसा, खिडकी उघडी ठेवून, मोबाइलवर बघितला तर स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसणार. टीव्हीवर 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड असेल तर तो आधी बंद करा. तो रंग जबरदस्तीनं फुलवतो आणि देलबोनेल यांनी जे काढलं तेच परत आणून ठेवतो. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा. इंटरनेटवर बघत असाल तर नेटचा वेग चांगला असू द्या. वेग कमी पडला की डेटा वाचवताना पहिला बळी जातो तो गडद भागांचा. काळ्या रंगातल्या बारीक छटा एकत्र होतात आणि पडद्यावर चौकोनी डाग उठतात. खोलीतले दिवे मालवा, पाच मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या.

आणि डम्बलडोर गेल्यानंतरचं ग्रेट हॉलमधलं छोटं दृश्य चुकवू नका. पहिल्या चित्रपटाच्या वेळी या हॉलमध्ये खऱ्याखुऱ्या मेणबत्त्या तारांनी टांगल्या होत्या. ज्योतीनं तारा जळून मेणबत्त्या खाली पडायला लागल्या, म्हणून पुढे त्या कॉम्प्युटरनं बनवल्या. तेव्हापासून दर भागात मुलं जेवायला बसली की डोक्यावर त्या तरंगत असतात, इतक्या सवयीच्या की आपण वर बघतही नाही. सहाव्या भागात व्होल्डेमॉर्टची साथीदार बेलाट्रिक्स त्या रिकाम्या हॉलमध्ये लांब टेबलावरून चालत जाते. खिडक्यांच्या काचा फुटतात, आणि वरच्या सगळ्या मेणबत्त्या विझतात.